मालवणचं स्कूबा पॅकेज: डुबकी किती, व्हिडिओ किती?

मालवणच्या जेटीपासून तारकर्लीपर्यंत स्कूबाचे जे फलक लागलेले असतात, त्यांवर "फोटो व व्हिडिओ फ्री" हे शब्द बहुतेक वेळा "स्कूबा" इतक्याच मोठ्या अक्षरांत असतात. व्यवहार नेमका कशाचा आहे, हे त्यातच आलं. पोहता न येणाऱ्यालाही अर्ध्या दिवसात समुद्राचा तळ दाखवणारी ही सेवा मुळात चांगलीच आहे. पण पाण्यातला वेळ आणि मित्रमंडळींना दाखवायच्या चित्रीकरणाचा वेळ, या दोघांची वाटणी ग्राहकाने स्वतः केली नाही तर ती दुसराच कुणीतरी करून टाकतो.

पॅकेज दोन-तीन तासांचं म्हणून विकलं जातं. त्यात होडीची ये-जा आणि आपला नंबर लागेपर्यंतची वाट धरलेली असते. प्रत्यक्ष पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं. "हवा तेवढीच पुरते" हे उत्तर मिळालं तर हिशोब करून पाहा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने साधारण २४०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव सोडले तर उरली १८०० लिटर. घाबरलेला नवखा माणूस काठावर मिनिटाला २५ लिटर घेतो असं धरू. सहा मीटरवर दाब १.६ बार, म्हणजे तिथे त्याला ४० लिटर लागणार. तरी ४५ मिनिटं निघतात. वेळ कमी पडतो तो होडीत माणसं जास्त असतात म्हणून. त्यामुळे पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: मिनिटं कुठपासून मोजता, शिडीवरून की तळाला पोहोचल्यावर? आणि सिलिंडर माझ्या पाठीवर असणार की होडीत राहून नुसती नळी खाली येणार? नळीवाल्या प्रकारात पोहणं जवळपास नसतंच, एका जागी टांगून राहणं असतं. दर ठरवताना हा फरक धरायला हवा.

पंधरापैकी पहिली चार-पाच मिनिटं कानांची असतात आणि ती त्यांना द्यायलाच हवीत. दर अर्ध्या-एक मीटरला मास्कवरून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही कान दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावला तर कान आणि घसा जोडणारी नळी आणखी घट्ट मिटते. अशा वेळी एक मीटर वर येऊन पुन्हा करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नये. मिशा दाट असतील तर मास्कच्या खालच्या कडेतून पाणी झिरपतं. पट्टा आवळून ते थांबत नाही, उलट मास्क वाकडा होतो. मिशीवर व्हॅसलिनचा हलका हात फिरवण्याची युक्ती सांगितली जाते, पण मास्क सिलिकॉनचा आहे याची आधी खात्री करा, कारण रबर त्याने खराब होतं. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. आणि अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". कॅमेऱ्यासमोर सवयीने अंगठा दाखवणाऱ्याची डुबकी तिथेच संपते.

उरलेल्या दहा मिनिटांत ब्रेडचा तुकडा हातात येतो, अंगावर पट्टे असलेल्या माशांचा गराडा पडतो आणि बोटांचा बदाम करायला सांगितलं जातं. ब्रेडला नकार द्यावा. ते माशांचं अन्न नव्हे, शिवाय मासे हातालाच चिकटल्यामुळे खडकावर काय चाललंय ते दिसतच नाही. कॅमेरा शेवटच्या पाच मिनिटांतच चालवा, असं होडीतच ठरवून घ्यावं. तोवर श्वास लयीत आलेला असतो, त्यामुळे चित्रीकरणही बरं येतं. चित्रीकरण करणारा माणूस वेगळा असेल तर उत्तम. एका हाताने ग्राहकाचा सिलिंडर आणि दुसऱ्याने कॅमेरा धरणाऱ्या प्रशिक्षकाचं लक्ष चेहऱ्यावर राहत नाही, आणि घबराट आधी डोळ्यांतच दिसते.

स्वतःचा कॅमेरा पहिल्या डुबकीला नेऊ नये. पाच-सहा मीटरवर लाल रंग विरतो, पाणी हिरवट, त्यात गाळाचे कण. प्लॅस्टिकच्या पाऊचमधला फोन तर नकोच. दाबाने पाऊच पडद्याला चिकटतो आणि स्पर्श ओळखेनासा होतो.

मोसम ऑक्टोबर ते मे. पाणी निवळ हवं असेल तर अष्टमीच्या आसपासची तिथी, म्हणजे भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस गाठा. उधाणाच्या ओढीने गाळ उठतो. वेळ सकाळची. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात, आणि ज्यांना बोट लागते त्यांची पंचाईत होते. हलका नाश्ता करून जावं, रिकाम्या पोटीही बोट लागतेच.

मित्रमंडळींना सांगायच्या गप्पांची खरी जागा दोन डुबक्यांमधली. गोडी लागलेल्यांनी तारकर्लीला एमटीडीसीच्या (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या) संस्थेत किंवा अन्यत्र ओपन वॉटर, म्हणजे नवशिक्यांचा पहिला प्रमाणपत्र कोर्स करावा. त्यात समुद्रातल्या चार डुबक्या असतात आणि दोन डुबक्यांमध्ये साधारण तासभर काठावर थांबावं लागतं. त्या तासात नोंदवही काढून खोली, मिनिटं, सुरुवातीचा-शेवटचा दाब, कमरेला किती किलो वजन होतं आणि किती मीटरपर्यंत दिसलं, एवढं लिहावं. संध्याकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं, आणि नंतर कुणी "वजन किती लावू?" विचारलं तर सांगण्यासारखं हेच असतं. अनेक डुबक्या झाल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास, एकच असेल तर १२ तास थांबा. विमानासारखाच घाटातही उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि आंबोलीचा घाट सातशे मीटरच्या आसपास चढतो, म्हणून कोर्स संपल्यासंपल्या कोल्हापूर-बेळगावची गाडी काढू नये.

राहिला व्हिडिओ. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आधीच हिरवट असलेलं चित्र चिखल होतं. मूळ फाइल केबलने किंवा ओटीजी (फोनला थेट लागणाऱ्या) पेनड्राइव्हवर घ्यावी. एका कार्डावर दहा जणांच्या क्लिप्स असतात, तेव्हा आपली उघडून पाहिल्याशिवाय निघू नये. गर्दीच्या दिवशी कार्यालयातली ही रांग डुबकीपेक्षा लांबते.