गिब रिव्हर रोड की आइसलँडचे एफ-रस्ते?

पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडची वाट बंद होते. यवतमाळकडच्या काळ्या मातीत तर ट्रॅक्टरही रुततो. असं पाणी अन् चिखल पाहून वाढलेल्या माणसानं परदेशातल्या आडवाटेवर गाडी घालायची, तर कुठं?

ऑस्ट्रेलियाचा गिब रिव्हर रोड साधारण 660 किलोमीटरचा. लाल माती, गिट्टी, आणि टिनाच्या पत्र्यासारखे आडवे उंचवटे; हाडं खिळखिळी होतात. टायरची हवा थोडी कमी केली की बरंच सुसह्य होतं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळच धरायचा.

आइसलँडमध्ये उजवीकडून चालवायचं. एफ-रस्ते म्हणजे तिथले डोंगरातले कच्चे रस्ते; ते उन्हाळ्यातच उघडतात, तिथं फोर-व्हील-ड्राइव्ह लागतेच. रस्ता सोडून गाडी घालणं बेकायदा आहे, आणि ते योग्यच, कारण तिथलं चिरडलेलं शेवाळ सावरायला कित्येक वर्षं लागतात.

खरा फरक पाण्याचा. रपट्यावरून पाणी वाहत असलं की आपल्याकडं एक जण काठी घेऊन आधी उतरतो. आइसलँडमध्ये ही सवय कामी येते, फक्त पाणी बर्फगार. हिमनदीचं पाणी दुपारी बर्फ वितळून वाढतं, म्हणून सकाळीच ओलांडावं. नदीत गाडी बिघडली तर भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा भरपाई देत नाही. गिबवरच्या पेंटेकोस्ट नदीत मात्र पाय घालूच नका, तिथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात.

पहिल्या खेपेला मी गिबच सुचवीन. दोन स्टेपनी मात्र सोबत ठेवा.