सीएसआर फंड मिळवून देतो म्हणणाऱ्याने आमच्या अभ्यासिकेचे १,३९,५०० रुपये नेले

हे लिहू की नको यातच दोन महिने गेले. कारण ३१ वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, त्यातली १२ कॅश काउंटरवर, नकली नोट बोटालाच कळते असं घरी फुशारकीने सांगणारा, आणि मला एका पस्तिशीतल्या पोट्ट्याने लेटरहेड दाखवून गुंडाळलं. पण नागपुरात आणि आजूबाजूला आमच्यासारख्या छोट्या संस्था भरपूर आहेत आणि तो माणूस अजून फिरूनच राहिला आहे, म्हणून लिहितो.

आमची संस्था म्हणजे कळमना मार्केटात हमाली करणाऱ्यांच्या पोरांसाठी संध्याकाळची अभ्यासिका. टिनाचं शेड, ७०-८० पोरं, शिकवणाऱ्या दोन ताई, ज्यांनी सुरू केलं ते आमचे सर (रिटायर्ड हेडमास्तर), हिशोब बघणाऱ्या एक काकू आणि सचिव मी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, १२ए (संस्थेला करमाफी) आहे, ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे, ऑडिट वेळेवर होते. पैसा मात्र कोणाच्या वाढदिवसाचा, कोणाच्या वर्षश्राद्धाचा, असा येतो. सरांनी वहिनी गेल्यावर त्यांच्या नावाने एक लाख दिले होते त्याची एफडी होती, आणि ठरलं होतं की यंदा शेडवर दुसरं छत टाकायचं नि दोन मोठे कूलर घ्यायचे, एप्रिल-मे मध्ये टिनाखाली काय होते ते नागपूरकराला काय सांगायचं.

जानेवारीत धरमपेठेत एका हॉलमध्ये एनजीओ फंडिंगवर फ्री सेमिनार होता. चहा, तर्री पोहा, प्रोजेक्टर, सगळं व्यवस्थित. बोलणारा तोच पोट्टा, विषय सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा. आणि त्याने जे सांगितलं त्यातलं अर्धं खरं होतं हीच तर गोम. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, हे सगळं कायद्यात आहेच. पुढे मात्र तो म्हणाला की मार्च एन्डिंगला कंपन्यांना पैसा संपवावाच लागतो, त्या खऱ्या संस्था शोधत असतात, मिळतच नाहीत काकाजी! आता कळलं की खर्च न झालेला पैसा कंपनी सहा महिन्यांत सरकारने ठरवून दिलेल्या फंडात टाकू शकते, आणि प्रकल्प चालू असेल तर वेगळ्या खात्यात ठेवते. पैसा संपवायला कळमन्याच्या शेडपर्यंत धावत येण्याची गरज कोणत्याच कंपनीला नाही.

वर्धा रोडवर त्याचं ऑफिस होतं, म्हणजे तासाच्या भाड्याने मिळते तशी खोली, पण तेव्हा काचेचा दरवाजा आणि रिसेप्शनची पोरगी एवढंच दिसलं. प्रपोजल फी २५,००० आणि फंड आला की १० टक्के सक्सेस फी. मग म्हणे सीएसआर-१ फॉर्मची गव्हर्नमेंट फी १२,०००, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचं (संस्थांची नोंदणी होते ते) रिन्युअल ६,५००. मी दिले. बिल मागितलं तर शिक्का मारलेली साधी पावती, जीएसटी नंबर नाही. बँकेत असताना असल्या पावतीवर कोणाला चहाचे पैसे दिले नसते, पण तिथे सरांसमोर मी "हो हो चालते" म्हणालो.

सांगतो आता. सीएसआर-१ हा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासून लागतो, कंपनीचा सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला तो भरावाच लागतो, पण त्याला सरकारी फी शून्य आहे. सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते, त्याची जी काय फी असेल ती त्याला द्या, बस. दर्पणची नोंदणीसुद्धा फुकट. म्हणजे १८,५०० रुपये आम्ही दोन फुकटच्या गोष्टींसाठी मोजले.

आणि फॉर्म भरायचा म्हणून त्याने माझ्या नावाचा डिजिटल सिग्नेचरचा पेनड्राइव्ह पासवर्डसकट ठेवून घेतला. इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड पण. पैशापेक्षा हे जास्त वाईट झालं, कारण त्या डोंगलवर सही माझी होते, तो कुठे नि कशावर करेल काय सांगावं.

प्रपोजल आलं ३४ पानांचं, इंग्रजीत, रंगीत ग्राफ वगैरे. काकू म्हणाल्या वा, आपली संस्था एवढी मोठी आहे माहीतच नव्हतं! मी पहिली तीन पानं वाचली, छान वाटलं. मग पान ९ वर "पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांमधील किशोरवयीन मुली" असं काहीतरी. फोन केला तर म्हणे, टेम्प्लेट मिस्टेक आहे काकाजी, टेन्शन घेऊच नका. घेतलं नाही. तीन महिन्यांत तो माणूस एकदाही अभ्यासिकेत आला नाही, किती पोरं येतात, कितवीत आहेत, दहावीत किती पास झाले, काही म्हणजे काही विचारलं नाही, आणि आम्ही खुश की बघा किती कमी त्रास देतो.

मधे त्याने फॉरेन फंडचं पण गाजर दाखवलं. एफसीआरएच्या (परदेशी देणगीच्या कायद्याच्या) नोंदणीला साधारण तीन वर्षांत मिळून १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आमचा त्याच्या अर्धाही नाही, तर म्हणे ते राहू द्या, माझ्या पार्टनर संस्थेच्या खात्यात पैसा येईल, ती तुम्हाला देईल. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी अशी एका संस्थेने दुसरीला देणं बंदच आहे, आणि येणारा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. सरांनी "परदेशी नको" म्हटलं म्हणून वाचलो, कायदा माहीत होता म्हणून नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका कंपनीचं मंजुरीचं पत्र आलं. ४८ लाख! लोगो, सही, सगळं. सरांच्या डोळ्यात पाणी आलं, पोरांना आलूबोंडे वाटले आम्ही. त्याच पत्रात खाली होतं की एस्क्रो खातं आणि स्टॅम्प ड्युटीसाठी २ टक्के आधी भरायचे, ९६,०००, सात दिवसांत, नाहीतर फंड लॅप्स. एफडी मोडली. वहिनींची. मोडायला बँकेत मीच गेलो, तिथला पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याने विचारलं काका कशासाठी, मी म्हटलं मोठं काम होऊन राहिलं आहे.

देणारा आधी पैसे मागत नाही एवढी साधी गोष्ट. कंपनी खरीच देत असेल तर आधी करार करते, हप्त्याने पैसे देते, मग पैसा कुठे खर्च झाला याचं सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र मागते. पत्र साध्या जीमेलवरून आलं होतं. मी कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन केला तो १९ दिवसांनी, त्यांना ना आमचं नाव माहीत ना त्याचं.

त्याला शेवटचा फोन लागला तेव्हा तो उलट म्हणाला, दुसरी एक पार्टी आहे, पैसा चेकने देईल, ६० टक्के कॅशमध्ये परत करा, बाकी तुमचा. म्हणजे खरा धंदा हा. असं केलं की १२ए, ८०जी तर जाणारच, विश्वस्तांवर केस होईल ती वेगळी. मी फोन ठेवला, नंतर नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण तोवर खातं रिकामं होतं, तिथे पहिल्या काही तासांत कळवलं तरच काही अडवता येते. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली, तपास चालू आहे असं दर वेळी ऐकतो. डिजिटल सिग्नेचर रद्द करून घेतली, सगळे पासवर्ड बदलले. ऑडिटर विचारतात की हे १,३९,५०० कोणत्या खात्यात दाखवायचे, आणि धर्मादायला काय उत्तर देणार.

त्यानंतर एका ताईंना भेटलो, त्या संस्थांची प्रपोजलं लिहून देतात. आधी शेडमध्ये येऊन दोन तास बसल्या, हजेरीपट बघितला, दहावीचे निकाल मागितले, आणि म्हणाल्या की तुमचं बजेटच नीट नाही, आत्ता कोणाकडे अर्ज करू नका. फी ठरावीक, कामाची, आलेल्या फंडावर टक्का नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, देणगी देणाऱ्याने पोरांसाठी दिलेला पैसा मी कसा कापू? अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर काम करायला मनाईच आहे म्हणे. आपल्याकडे मात्र "फंड आला तरच द्या" हे ऐकलं की आपल्याला तो माणूस प्रामाणिक वाटतो, मलाही वाटला.

यंदा छत झालं नाही. एक जुना कूलर कोणीतरी दिला, तो मोठ्या पोरांच्या बाजूला लावला.

परवा कामठीच्या एका संस्थेतल्या ताईंचा फोन आला. त्यांनाही ३४ पानांचं प्रपोजल मिळालं आहे, २५,००० देऊन झालेत, सही करायच्या आधी सहज चाळलं. पालघर आता काढलेलं आहे. पान ९ वर आमच्या अभ्यासिकेचं नाव आहे, तिथूनच त्यांनी माझा नंबर शोधला.