सीमेपलीकडच्या झेडपी शाळेत लेकीला घातलं, एका वर्षाचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमचं घर बाचीच्या अलीकडं, बेळगाव तालुक्यात, आणि लेक शिकतेय शिनोळीच्या बाजूला चंदगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणजे जिल्हा वेगळा, राज्य पण वेगळं, पण अंतर बघितलं तर सायकलनं पंधरा-वीस मिनिटं. आमच्या गावची मराठी शाळा पाचवीपर्यंतच, सहावीला कुठंतरी जायचंच होतं. पण बोलणारे किती, "कशाला ओ तिकडं पाठवायलाय, रेशन कार्ड कर्नाटकचं, घेणार नाहीत तुमच्या पोरीला". म्हणून हे लिहितोय.

घेतात. हेडमास्तर सरांनी आधार, जन्मदाखला आणि पाचवीचं गुणपत्रक बघितलं, पत्ता बघून एक शब्द काढला नाही, उलट म्हणाले तुमच्या बाजूची पोरं आधीपासून येतात की. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ५ वं कलम आहे बगा, आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या सरकारी शाळेत बदली मागायचा हक्क आहे, राज्याबाहेर जायचं असलं तरी. १ किलोमीटर, ३ किलोमीटर असं जे लोक सांगतात ते सरकारनं किती जवळ शाळा द्यायची त्याचं माप आहे, त्यापलीकडच्या शाळेत जायचं नाही असं त्यात कुठं नाही. खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागांचं वेगळं, तिथं मात्र घराचा पत्ता मोजूनच नंबर लागतो, ते यात मिसळू नका.

त्रास झाला तो इकडच्या, कर्नाटकच्या बाजूला, टीसीसाठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी. आज या, उद्या या, राज्याबाहेर जायलाय तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची सही आणा, तिथं गेलं की साहेब मीटिंगला. तीन आठवडे मी कामावरची रजा घालवली, आणि पोरगी रोज विचारायची पप्पा माझं नाव लागलं काय. खरं म्हणजे त्याच कलमात लिहिलंय की टीसी लगेच द्यायची, आणि टीसीला उशीर झाला म्हणून नवीन शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. हे मला माहीत नव्हतं, सरांनीच सांगितलं आणि टीसी यायच्या आधी तिला वर्गात बसवलं. त्या एका गोष्टीसाठी मी या शाळेला जन्मभर मानेन.

शिकवणं चांगलं. गणिताला वेगळे सर आहेत, वह्या खरंच तपासतात, चुकलेलं गणित परत करून घेतात. बालभारतीची पुस्तकं फुकट मिळाली. पावसाळ्यात चंदगडचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, मागच्या वर्गात गळतं, दोन वर्ग एकत्र बसवतात. एक स्टार कापलाय तो ऑनलाइन नोंदीसाठी, यूडायस या शाळांच्या सरकारी साइटवर पोराचा कायमचा पेन नंबर असतो, तो जुन्या शाळेनं सोडायचा आणि नवीन शाळेनं ओढून घ्यायचा असतो, ते दिवाळीपर्यंत लोंबकळलं, मी दोन-तीनदा आठवण केल्यावर झालं.

सुट्ट्या जुळत नाहीत हे पण घरात जाणवतं. धाकटा अजून गावच्या शाळेत, त्याला दसऱ्याची मोठी सुट्टी, हिला दिवाळीची. आजोळी दोघांना एकत्र नेताच येत नाही.

आता खरं महत्त्वाचं, जे मला कुणी आधी सांगितलं नाही. कर्नाटकच्या सीईटीला (इंजिनिअरिंग वगैरेची प्रवेश परीक्षा) नेहमीच्या नियमानं पहिली ते बारावी यातली किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेली लागतात, आणि दहावी किंवा बारावी इथून पास. माझ्या लेकीची पाच झाली, दहावी तिकडून करून पियुसीची (अकरावी-बारावी) दोन वर्षं बेळगावात केली तर बरोबर सात भरतात, एक पण जास्त नाही. चौथीनंतरच नेलं असतं तर सहाच भरली असती आणि तो रस्ता बंद. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग वगैरे प्रवेशात मराठी मातृभाषा असलेल्या सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून झालेली लागते, म्हणजे बेळगावातली बारावी तिथं पण कामाला येईल. वर्षं बोटावर मोजूनच निर्णय घ्या, नुसतं शेजाऱ्याची पोरं जातात म्हणून नको.

आणि कन्नड. तिकडं कन्नड नाही, साहजिक आहे, पण आमचं रेशन, सातबारा, बँक, दवाखाना सगळं कन्नडमध्ये चालतं आणि पोरीला पुढं इथंच राहायचंय. म्हणून रविवारी शेजारच्या अक्कांकडं बसवतो, गोष्टीचं पुस्तक वाचून घेतात. पाचवीपर्यंतचं विसरू द्यायचं नाही एवढं मी ठरवलंय.

कुणाला घालायचं असेल तर टीसीचा अर्ज एप्रिलमध्ये निकाल लागला की लगेच लेखी द्या आणि पोच घ्या. इकडची शाळा जूनच्या तोंडावरच उघडते, तिकडची जूनच्या मध्यावर, आणि इकडच्या पुढच्या इयत्तेच्या हजेरीवर एकदा नाव चढलं की ते काढायला परत वेगळी पायपीट.