घरच्या घरी मेणाचा शेक: सोरायटिक संधिवाताच्या हातांना हे यंत्र कितपत मानवतं?

सोरायटिक संधिवातासाठी, म्हणजे सोरायसिस या कातडीच्या आजाराबरोबर येणाऱ्या संधिवातासाठी, म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं मुळात दुसऱ्या संधिवातांसाठी बनलेलं असतं. सांध्याचा विचार त्यात झालेला असतो, सांध्यावरच्या कातडीचा नसतो. या आजारात बहुतेकांच्या बाबतीत आधी कातडीच तक्रार करते आणि सांधे कित्येकदा काही वर्षांनी त्यात सामील होतात. सोरायसिस असलेल्या माणसाच्या चांगल्या कातडीला ओरखडा, चटका किंवा सततचं घासणं झालं, की साधारण १० ते २० दिवसांनी नेमक्या त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. हाइनरिश कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात हे टिपलं, म्हणून त्याला कोब्नर परिणाम म्हणतात. तेव्हा या आजारासाठी वस्तू घेताना परीक्षेचे पेपर दोन: सांध्याला आराम पडतो का, आणि कातडी शाबूत राहते का. घरगुती मेणाचं यंत्र, फिजिओथेरपीत ज्याला वॅक्स बाथ म्हणतात ते, पहिला पेपर बऱ्यापैकी सोडवतं. दुसऱ्यात पास की नापास, हे ते कसं वापरता यावर ठरतं.

यंत्र म्हणजे झाकणाचा खोलगट डबा, तळाशी हीटर, बोटं तापलेल्या तळाला टेकू नयेत म्हणून जाळी आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट. नुसतं पॅराफिन मेण ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्यात हात बुडवणं म्हणजे चटक्याच्या अगदी काठावर उभं राहणं. म्हणून त्यात लिक्विड पॅराफिन, म्हणजे पातळ खनिज तेल, मिसळतात. साधारण ७ भाग मेणाला १ भाग तेल. त्यामुळे मेण थोड्या कमी तापमानाला पातळ राहतं आणि वाळल्यावर कातडीवरून सहज सुटतं. खपल्या असलेल्या हाताला हे सहज सुटणंच जास्त मोलाचं. तयार वड्या घेतल्या तर त्यात बहुधा तेल आधीच असतं, वर पुन्हा ओतू नका, नाहीतर थर धरतच नाही. वड्या बिनवासाच्या, बिनरंगाच्याच घ्या. लव्हेंडर, पीच वगैरे सुगंध चिडलेल्या कातडीला आणखी चिडवतात.

५२ अंशांचं पाणी हाताला सोसवत नाही, पण ५२ अंशांचं मेण सोसतं. मेण उष्णता सावकाश सोडतं, आणि पहिल्या बुडीतच कातडीवर एक घट्ट थर बसतो, तो पुढच्या गरम मेणाला आडवा येतो. यंत्रावरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवू नका. स्वस्त थर्मोस्टॅट दोन-चार अंश इकडेतिकडे दाखवतो, आणि इथे दोन-चार अंशांतच सगळा खेळ आहे. स्वयंपाकघरात वापरतात तसा थर्मामीटर मेण ढवळून मध्यभागी बुडवून बघा. थर्मामीटर नसेल तर झाकण उघडून पृष्ठभागाकडे पाहा: काठाला पांढरट, सायीसारखा पापुद्रा धरू लागला असेल तर मेण तयार. आरशासारखं चकचकीत आणि पाण्यासारखं पातळ दिसत असेल, तर अजून गरम आहे, थांबा.

बुडवण्याची रीत साधी आहे, पण घाई केली की बिघडते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून हात धुवा आणि बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडे करा. पाण्याचा थेंब राहिला तर तिथेच चटका बसतो. बोटं किंचित फाकवून, सैल ठेवून हात मनगटापर्यंत बुडवा आणि लगेच वर काढा. पहिला थर चकचकीत दिसतो. काही सेकंदांत तो मंद, दुधी होतो. तो दुधी झाला की दुसरी बुडी, असं ८ ते १० वेळा. पहिली बुडी जिथपर्यंत गेली, त्याच्या वर पुढची जाऊ द्यायची नाही. वर गेलेलं गरम मेण जुन्या थराच्या आत शिरतं आणि तिथेच अडकून पोळतं. बोटं हलवली तरी हेच होतं: थराला तडा जातो आणि तड्यातून मेण आत जातं. शेवटी हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर टॉवेल गुंडाळा, १५ ते २० मिनिटं हात उशीवर टेकवून बसा. त्या वेळात फोन हातात घ्यायचा मोह होतो, म्हणून दोन्ही हात एकदम करणारे लोक शहाणे.

नंतर मनगटाकडून सुरुवात करून मेणाचा हातमोजा उलटा करत काढतात. सोरायसिसच्या हातावरून काढलेला हा मोजा उजेडात धरला, तर आतल्या बाजूला पांढऱ्या पोपड्यांची नक्षी दिसते. सुटे पोपडे असे निघाले तर बिघडत नाही. चिकटलेली खपली ओढून निघाली आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसले, तर मात्र कातडीला जखम झाली आहे. खपली जाड असेल त्या दिवशी आधी साधं पेट्रोलियम जेली हलक्या हाताने लावून जादा पुसून टाका, मग मेण ओढत नाही. पोपडे असलेलं वापरलेलं मेण परत डब्यात टाकायचं नाही. सोरायसिस संसर्गजन्य नाही, हा मुद्दा वेगळा. पण डब्यात कातडीचा चुरा साठत गेला की मेण घाण होतं, आणि तोच हात उद्या पुन्हा त्यात जाणार असतो.

नखांकडे यंत्राच्या माहितीपत्रकात कुणी पाहत नाही, आणि या आजारात नखंही पुष्कळदा सापडतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर काही अडचण नाही. पण नख टोकाकडून सुटलेलं असेल तर मेण त्या फटीत शिरतं, आत थिजतं आणि मोजा काढताना नखाला पाचरीसारखं उचलतं. अशी दोन-तीन नखं असतील तर हे यंत्र त्या काळापुरतं बाजूला ठेवा आणि कोमट पाण्यात १० मिनिटं हात बुडवून भागवा. ते नीरस आहे, पण नखाला इजा करत नाही.

मलमांचाही एक घोळ असतो. स्टेरॉइडचं, सॅलिसिलिक ॲसिडचं किंवा व्हिटॅमिन डी गटातलं मलम लावून त्यावर मेण आणि प्लॅस्टिक चढवलं, की औषध नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं. ही झाकपट्टी डॉक्टर कधीकधी मुद्दाम सांगतात, पण तो त्यांचा निर्णय. डायक्लोफेनॅकचं जेल किंवा मिरचीच्या अर्काचं, म्हणजे कॅप्सेसिनचं, मलम लावून शेक तर कधीच घेऊ नका. कॅप्सेसिनची आग मग आवरत नाही. क्रम उलटा ठेवा: आधी शेक, हात निवल्यावर औषध. भेगा, उघडी जखम, पू, हाताला बधिरपणा, मधुमेहाने गेलेली संवेदना यांपैकी काहीही असेल तर मेण नको. बायॉलॉजिक इंजेक्शनं किंवा मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, घेणाऱ्यांनी पुवाची भेग घरी शेकत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी.

आता सांध्याचा पेपर. सकाळी अर्धा तास, तासभर बोटं आखडून राहतात, त्या आखडलेपणावर मेण खरंच चांगलं. र्‍हुमॅटॉइड संधिवातातल्या हातांवरच्या अभ्यासांचं सारही तेच आहे: मेण आणि लगेच व्यायाम, असं दोन्ही केलं तर हात काही काळ मोकळा चालतो. व्यायाम वगळला तर उरते फक्त ऊब. काढलेल्या मेणाचा गोळा मऊ असतो तोवर तोच दाबत राहा, मग बोटं सरळ, आकड्यासारखी, पूर्ण मूठ, पुन्हा सरळ, असं ५ ते १० वेळा करा. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा. दुखेल तिथे थांबा, रेटू नका.

पण एखादं अख्खं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगून लाल, गरम झालं असेल, ज्याला डॉक्टर डॅक्टिलायटिस म्हणतात, तर ते मेणात घालू नका. तिथे आधीच आतून आग आहे. अशा बोटाला गार जेल पॅक बरा, तोही फडक्यात गुंडाळून, १० मिनिटांच्या आसपास, कारण बर्फाचा चटकाही कातडीला चटकाच. आणि असं बोट वारंवार फुगत असेल तर प्रश्न यंत्राचा उरत नाही. शेकाने सांध्याची झीज थांबत नाही. ती थांबवायला औषधं असतात आणि ती बदलायची वेळ आली आहे का, हे संधिवाततज्ज्ञाला विचारायचं.

यंत्राच्या घडणीत दोन गोष्टी खटकतात. छोटे डबे दिसायला सुटसुटीत असतात, पण त्यात तळवा आडवा मावत नाही. बोटं वाकवून घालावी लागतात आणि थराला तडा जातो. मनगटापर्यंतचा हात जाळीला न टेकता सरळ बुडेल, एवढी खोली हवी. दुसरी तक्रार वेळेची. थंड मेण पूर्ण वितळायला घरगुती यंत्राला दोन-तीन तास सहज लागतात, आणि आखडलेपणा तर उठल्या उठल्या असतो. ज्यात कमी तापमानावर मेण राखून ठेवायची सोय किंवा टायमर नाही, ते यंत्र महिनाभरात माळ्यावर जातं. उशीर होतो म्हणून मेण पातेल्यात घालून थेट आचेवर वितळवायचं धाडस करू नका. ते पेट घेतं.

यंत्राऐवजी पुष्कळ जण घट्ट हातमोज्यांकडे वळतात. ब्रिटनमध्ये दाहक संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत असे मोजे हातदुखीवर साध्या सैल मोज्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. ऊब हवी असेल तर सैलच घ्या. सोरायसिससाठी शिवण बाहेरच्या बाजूला असलेले सुती मोजे बघा. काढल्यावर शिवणीचा वळ अर्ध्या तासात गेला नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर माप चुकलं. नायलॉन-रबरी मोज्यांत घाम साठतो आणि बेचक्यांत कातडी सोलवटते.

छोटी साधनं जास्त कामाची वाटतात, हे कबूल करायला हवं. चाकू, पेन, टूथब्रश यांच्या मुठीवर स्पंजची नळी चढवून जाडी साधारण तीन सेंटिमीटर केली, की चिमटीचा जोर कमी लागतो आणि ताण तळव्यावर जातो. बरणीच्या झाकणाला रबरी चटई. टाच दुखत असेल तर दोन्ही बुटांत सिलिकॉनची टाचपट्टी, एकात नव्हे. पिशवी बोटांवर न घेता कोपरावर अडकवा असं सगळीकडे सांगतात; पण चट्टे नेमके कोपरावरच असतील तर पट्टा तिथे घासतो. मग खांद्यावर घ्या किंवा चाकांची पिशवी वापरा.

‘आठवड्यात मुळापासून’ बरं करणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्यांना आमच्याकडून शून्य गुण. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. सुरुवातीला फरक जोरदार जाणवतो, आणि पुडी एकदम बंद केली की सोरायसिस पुवाच्या फोडांसह उसळू शकतो.

यंत्र घेतलंच, तर मेणाचा रंग पालटला, वास यायला लागला किंवा तळाला गाळ दिसला की सगळं बदला. जुनं मेण गरम असताना सिंकमध्ये ओतू नका, नळीत थिजून बसतं. डब्यातच थंड होऊ द्या, मग यंत्र पाचेक मिनिटं चालू करून बंद करा. कडेने सुटलेली वडी अख्खी बाहेर येते, ती कचऱ्यात टाका आणि डबा कोरड्या कागदाने पुसून घ्या.