नव्या थ्रॉटल बॉडीवर 2014 चा स्टिकर

गणपती उठले आणि पाहुण्यांना घेऊन आम्ही कासला निघालो, तेव्हा हे सुरू झालं. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग. ब्रेकवर पाय, गाडी न्यूट्रलला, अ‍ॅक्सिलरेटरला बोटही लागलेलं नाही, तरी इंजिन आपोआप रेस घ्यायचं. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा 1,500 पर्यंत चढायचा, धपकन 700 वर पडायचा, पुन्हा चढायचा. घूंऽऽ, घूंऽऽ. मागून आत्या म्हणाली, "हिला धाप लागलीय रे."

गाडी 2014 ची, पेट्रोलची. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या एका गॅरेजात नेली. नाव लिहीत नाही. काचेची केबिन, भिंतीवर टीव्ही, पोरानं आणून दिलेला चहा. अशा ठिकाणी फसवत नसतील असं मला का वाटलं ते विचारू नका. मालकानं स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि मोबाईलवर कोड दाखवला, पी-0505. "सर, थ्रॉटल बॉडी गेली. नवीन पार्ट, फिटिंगसकट साडेचौदा हजार." थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा किती जायची ते ठरवणारी झडप.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, कशाचा आहे ते सांगत नाही, हे दरवर्षी पोरांना घोकून देतो. त्या कोडचा अर्थ एवढाच, की आयडलिंग, म्हणजे पाय न लावता इंजिनचं नुसतं चालू राहणं, ताब्यात राहत नाही. ते तर आत्यानं स्कॅनरशिवाय ओळखलं होतं. तरी मी मान डोलावली.

संध्याकाळी गाडी शांत, काटा 800 वर. जुना पार्ट मागितला तर "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला." बिल मागितलं तर "पक्कं केलं की जीएसटी वाढतो, सर." हातात आली एक चिठ्ठी, ना शिक्का, ना पार्ट नंबर.

सहाव्या दिवशी पोवई नाक्यावर तीच धाप. आता म्हणे पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, 6,800 रुपये. तेही दिले. चार दिवस बरे गेले. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार धरून चला.

आमच्या शिपायानं कोरेगावच्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता. इंजिन चालू ठेवून ते एकेक रबरी पाईप पकडीनं दाबत गेले. इंजिनच्या झाकणावरून मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडे, जाणारा अंगठ्याएवढा पाईप दाबला आणि काटा जागच्या जागी थांबला. पाईप खालच्या वळणावर चिरला होता. त्या चिरेतून फुकटची हवा आत जाते, इंजिनचे फेरे वाढतात. पाय तर अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, मग कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, फेरे पडले की बंद पडू नये म्हणून पुन्हा सोडतो. तीच ती घूंऽऽ घूंऽऽ.

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. चिरेभोवती काळ्या टेपचा तेलानं भिजून सुटलेला गुंडाळा होता. "मास्तर, ह्यो टेप कुणी लावला?" म्हणजे बिघाड कुठं आहे हे त्या गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टेप गरमीनं सुटला की मी परत येणार, हेही. मग मिस्त्रींनी थ्रॉटल बॉडी पुसली, टॉर्च धरला. खालच्या बाजूच्या स्टिकरवर साल होतं 2014. "आवं, ह्यो नवा व्हय?" जुनाच पार्ट स्प्रे मारून धुतलेला.

नवा पाईप 180 रुपयांना पडला. मजुरी त्यांनी शंभर घेतली, ती मी बळंच दोनशे केली.

गॅरेजवाला म्हणाला, "सर, आम्हाला वरूनच तसा पार्ट आला." 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची. माझी बाजू लंगडी पडते ती त्या चिठ्ठीमुळे. पैसे मोबाईलवरून दिले होते आणि टेपसकट पाईप पिशवीत जपून ठेवलाय, एवढाच आधार.

पार्ट बदलायचा म्हटलं की मी आता आधी त्याचा फोटो काढतो, आणि जुना पार्ट परत हवा हे काम सुरू व्हायच्या आत सांगतो, नंतर नाही. शिवाय बायकोची नेलपॉलिश डॅशबोर्डच्या खणात असते, जुन्या पार्टवर एक ठिपका द्यायला. परवा ब्रेक पॅड बदलताना कोरेगावच्या मिस्त्रींना तो लाल ठिपका दिसला. काही बोलले नाहीत. जुने पॅड कागदात गुंडाळून, न मागता, माझ्या हातात दिले.