यंत्रांची देखभाल: आपला माणूस की कंपनीचा करार?

इंदूरमध्ये ५०-६० खाटांचं रुग्णालय चालवत असाल, तर यंत्रांसाठी स्वतःचा बायोमेडिकल इंजिनिअर ठेवावा की कंपन्यांशी करार करावेत, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल.

आधी करार. एएमसीत, म्हणजे साध्या वार्षिक देखभाल करारात, इंजिनिअरची फेरी आणि मजुरी येते, सुटे भाग वेगळे. सीएमसीत, म्हणजे सर्वसमावेशक करारात, भागही येतात, म्हणून ती महाग. वर दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. तरीही प्रोब (रुग्णाला लावायचा सेन्सर), रक्तदाबाचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा), बॅटरी, ऑक्सिजन सेन्सर बऱ्याचदा सीएमसीतून वगळलेले असतात. सीटी स्कॅनची एक्स-रे ट्यूब करारात धरली आहे का, हे सहीआधी वाचाच. आणि '९५ टक्के अपटाइम', म्हणजे यंत्र ९५ टक्के वेळ चालू, असं म्हटलं की निर्धास्त होऊ नका. वर्षाचे ५ टक्के म्हणजे १८ दिवस! तेवढे दिवस यंत्र बंद राहिलं तरी कंपनीनं करार मोडलेला नसतो. म्हणून किती तासांत माणूस येईल, उशिराला दंड किती, हे लिहून घ्या. सीएमसीचा पुढच्या पाच वर्षांचा दर खरेदीच्या वेळीच ठरवा; वॉरंटी संपल्यावर घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

आता आपला माणूस. मी नोकरी करत होतो तिथे आयसीयूतला एक मॉनिटर चार दिवस कंपनीच्या इंजिनिअरची वाट पाहत पडून होता. तो आला, ऑक्सिजनचा प्रोब बदलला आणि पाच मिनिटांत निघाला. वायर आतून तुटली होती, बस्स. ते चार दिवस मला अजून खुपतात. रोजच्या तक्रारी बहुतेक अशाच: गळका कफ, सैल ईसीजी लीड, ऑटोक्लेव्हचं गॅस्केट, सक्शनची नळी. आपला माणूस त्या त्याच पाळीत मिटवतो. असा माणूस शोधायला लांब जायला नको, आपल्या इंदूरच्या एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय शिकवतातच.

पण व्हेंटिलेटरच्या सर्किट बोर्डाला किंवा सीटीला त्याला हात लावू देऊ नका. तिथे कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि चूक रुग्णाला भोवते.

माझं मत स्पष्ट आहे: सीटी, व्हेंटिलेटर, भूल देण्याचं यंत्र सीएमसीवर, बाकी सगळं आपल्या माणसाकडे, सोबत प्रोब-कफचं एक भरलेलं कपाट. त्याचं काम दुरुस्त्यांच्या आकड्यावर मोजू नका. तक्रारी कमी झाल्या, तर तो फिरून यंत्रं नीट तपासतोय. पहिल्या दिवसापासून त्याला वही घालून द्या: यंत्र कधी बंद पडलं, कधी सुरू झालं, मधला वेळ कशात गेला. पुढच्या वर्षी कराराला बसताना ती वही टेबलावर ठेवा.