‘एकदा लावा, दिवसभर निश्चिंत’? माझ्या मानेला विचारा

मी जमीन मोजणीचं काम करते. सकाळी नऊ ते चार उघड्यावर, डोक्यावर टोपी, समोर ट्रायपॉड. दर दोन तासांनी हात धुऊन क्रीम चोपडायचा मला कंटाळा, म्हणून ‘दिवसातून एकदाच’ लिहिलेलं एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) ५० चं सनस्क्रीन घेतलं.

लावायला ते खरंच छान आहे. चिकटत नाही, पांढरा थर राहत नाही, डोळ्यांत झोंबत नाही.

पण तिसऱ्या दिवशी रात्री उशीवर मान टेकवेना. मानेची मागची बाजू आणि कानाच्या पाळ्या लालभडक. कपाळ मात्र टोपीमुळे वाचलेलं. मग लक्षात आलं, दिवसभर मी रुमालाने मान पुसत होते आणि बॅगेचा पट्टा तिथेच घासत होता. पुसून गेलेलं क्रीम रक्षण कसं करणार?

शिवाय एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून करतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्माही लावत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या) २०११ च्या नियमांनुसार तर पुरावा दिल्याशिवाय दोन तासांपेक्षा जास्त संरक्षणाचा दावा करता येत नाही.

दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसणाऱ्यांनी हे जरूर वापरावं. उन्हात राबणाऱ्यांना असं आश्वासन देणं मला धोक्याचं वाटतं. बाटली मी संपवतेय, पण सकाळी अकराला आणि दुपारी एकला पुन्हा लावून, आणि मानेवर सुती ओढणी गुंडाळून.